बटण उलटे का चालते?

दौंडच्या एका भगिनींनी विचारले आहे: मुलाने जुन्या संगणकावर रेट्रोआर्क बसवून मारिओ लावला, पण गेमपॅडचे ‘ए’ दाबले तरी मारिओ उडी मारत नाही. दुकानदार म्हणतो, नवा पॅड घ्या.

घेऊ नका. निन्टेंडोच्या पॅडवर ‘ए’ उजवीकडे आणि ‘बी’ खाली असते. एक्सबॉक्स पद्धतीच्या पॅडवर नेमके उलट. रेट्रोआर्क अक्षर पाहत नाही, जागा पाहते. म्हणून आपण ‘ए’ दाबतो आणि खेळाला ‘बी’ पोचते. उर्दू आणि मराठीच्या वह्या एका दप्तरात नेणाऱ्या मुलांना ही अडचण लगेच कळेल! सेटिंग्जमध्ये इनपुटखाली पोर्ट १ कंट्रोल्स शोधून उघडावे; तिथे बटणे पुन्हा नेमता येतात. झाले की तिथेच कंट्रोलर प्रोफाइल सेव्ह करावे. स्वस्त पॅडवर ‘अ‍ॅनालॉग’चे बटण असले तर आधी तेही दाबून पाहावे.

शिरूरला आमच्या एका विद्यार्थ्याचा उजवा अंगठा नीट वळत नाही. त्याची उडी आम्ही डाव्या बोटाखालच्या ‘एल’वर नेली. आता धाकटी बहीण हरते, आणि अम्मीकडे तक्रार घेऊन जाते.