हिरव्या रक्ताचा खेळ

गेल्या उन्हाळ्यात सापगावी भातसेच्या पुलाजवळ चार मुले मोबाइलवर मान वाकवून बसली होती. मी सहज विचारले, "काय रे, आज किती जणांना मारलेत?" त्यांतला एक, तेरा-चौदा वर्षांचा, मान वर न करता उत्तरला, "मारत नाय फादर, फिनिश करतो."

आमच्या पालकसभेत आता ठराव येतो आहे की, बंदुका-तलवारींचे असले खेळ खेळणाऱ्या मुलांना वेदीसेवेपासून दूर ठेवावे. सभेत रक्तपातावर बरीच भाषणे झाली. मला ती पटली नाहीत. एका धर्मगुरूने असे म्हणावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु भातकापणी झालेल्या शेतात काठीची तलवार करून आपण सारेच खेळलो आहोत. त्या खेळात ज्याला मार लागे तो रडे, भांडे, "लागलंच नाही" म्हणून हट्ट धरी, आणि मारणाऱ्याला हात आवरावा लागे. समोरच्याचे डोळे दिसत असत.

रक्ताविषयीच तक्रार असेल, तर कंपन्यांनी ती केव्हाच दूर केली आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली, ती रक्तपातासाठी नव्हे, देशाच्या सुरक्षिततेच्या कारणावरून. जुलै २०२१ मध्ये कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आणला. रक्ताचा रंग हिरवा झाला आणि 'मारले' या शब्दाच्या जागी 'फिनिश' आला. सापगावच्या मुलाने मला ऐकवलेली शुद्ध भाषा ही अशी घडलेली आहे.

या खेळात पडलेल्या खेळाडूचे प्रेत राहत नाही; तेथे एक पेटी उरते. फ्री फायरमध्ये बंदुकीबरोबर कटाना ही जपानी तलवारही हाती घेता येते, तेथेही पेटीच. बाकीचे धावत येतात आणि पेटीतील गोळ्या, चिलखत, औषधे उचलून पुढे जातात. त्या मुलाला मी विचारले, आत्ता पडला तो कोण होता? "काय म्हायत? पेटीत गन भारी होती." माझा आक्षेप येथे आहे, रक्तावर नाही. गेथसेमनी बागेत पेत्राने तलवार उपसून एका दासाचा कान छाटला. संत योहान त्या दासाचे नाव आवर्जून नोंदवतो: मल्ख. प्रभूने कानाला स्पर्श करून त्याला बरे केले, हे संत लूक सांगतो. तलवारीच्या टोकाशी नाव असलेला माणूस होता.

कोणी म्हणतात, खेळाने मुले खुनी होतात हे सिद्ध कोठे झाले आहे? नाही झाले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनेही २०२० मध्ये हिंसक गुन्ह्यांचा दोष अशा खेळांवर ढकलण्याविरुद्ध इशारा दिला. मीही तसा दोष देत नाही.

दुसरे म्हणतात, आता आपलाच खेळ आला. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' आणला: विरलोक नावाचे बेट, भारतीय कल्पनेतले भविष्य, कॉस्मियम नावाचे अद्भुत द्रव्य. आपल्या तरुणांच्या हातातील कसब पाहून मला अभिमानच वाटतो. तेथे शेवटपर्यंत जगण्याखेरीज ते द्रव्य मिळवूनही जिंकता येते, हेही मान्य. परंतु त्याच खेळात 'ग्रज' नावाची सोय आहे. ज्याने आपल्याला पाडले त्याच्यावर डूख धरायचा आणि सूड उगवायचा. पाडणारा येथे निदान लक्षात तरी राहतो, पण तो वैरासाठी! इतके दूरचे भविष्य कल्पिले आणि तेथेही भाऊबंदकीच नेली.

आणि पेटी केवळ पडलेल्याचीच होत नाही. खेळणारे मूलही कंपनीच्या लेखी एक पेटीच आहे. बंदुकीला नवा रंग, तलवारीला नवे रूप, अंगावर नवा पोशाख, आणि त्यासाठी 'यूसी' किंवा 'डायमंड' विकत घ्यायचे. बीजीएमआयने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मर्यादा घालून दिली: दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये. सात हजार! महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे बावीस दिवसांहून अधिक खणण्याचे मोल. याला 'मर्यादा' म्हणायचे, आणि पालकांनी निश्चिंत व्हायचे. भातसेचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तेथल्या घराला हा हिशेब कोणी समजावला आहे काय? फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तरी त्याच कंपनीचा फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. बंदीवर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

म्हणून त्या ठरावाला माझा विरोध राहील. वेदीपासून दूर केलेले मूल मोबाइलच्याच अधिक जवळ जाईल. माझी सूचना वेगळी आहे. एका रविवारी मिस्सानंतर मुलांनी आम्हा मोठ्यांना शेजारी बसवून हा खेळ शिकवावा. माझी बोटे जाड आहेत, मी पहिल्या मिनिटालाच 'फिनिश' होईन. मग माझी पेटी कोण उघडतो आणि उघडताना काय म्हणतो, ते पालकांनी तेथे बसून ऐकावे.