मेंदीचा हात आणि लाकडी कंदील

रमजान जवळ आला की चंद्रकोर आणि मिनार कोरलेले लाकडी कंदील घराघरांत दिसू लागतात. लेझर यंत्रावर कापलेले, हलके, देखणे. पण बहुतेकांची नक्षी सारखीच. ज्या घरात चांदरातीला एकामागून एक दहा हातांवर मेंदी काढणारी मुलगी आहे, त्या घराने दुसऱ्याची नक्षी विकत का आणावी, असा प्रश्न आम्हाला पडतो. कंदील हा शब्द अरबीतून मराठीत येऊन दिवाळीच्या आकाशकंदिलापर्यंत पोहोचला. मग नक्षी करायला बीडच्या मुलीने कुणाची वाट पाहायची?

यंत्र घरात असण्याची गरज नाही. कापण्याचे काम दुकानाचे, नक्षी आणि जोडणी आपली. मात्र मेंदीची नक्षी जशीच्या तशी लाकडावर चालत नाही. मेंदीत एक ठिपका तळहाताच्या मधोमध एकटा राहू शकतो, कारण त्याला खालून हाताचा आधार असतो. जाळीत आधार फक्त लाकडाचाच. फुलाच्या पाकळ्या चारही बाजूंनी कापल्या आणि मधला गोल कशालाच जोडलेला नसला, तर तो गोल यंत्राखालीच गळून पडतो. म्हणून जाळी काढताना छिद्रे काढायची नाहीत, पट्ट्या काढायच्या. प्रत्येक पट्टी दुसऱ्या पट्टीला किंवा चौकटीला टेकलीच पाहिजे.

हे पाहायला बीडहून फार लांब जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात दिलरस बानू बेगम यांच्या कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. पुढच्या वेळी गेलात तर छिद्रांकडे न पाहता मधल्या दगडाकडे पाहा. एकही रेघ अधांतरी नाही. सतराव्या शतकात छिन्नीने जे साधले, तोच नियम आजच्या यंत्रालाही लागू आहे.

आता प्रत्यक्ष काम. कंदिलाला चार सारख्या बाजू धरू, प्रत्येक १६० मिमी रुंद आणि २४० मिमी उंच. डावीकडे व उजवीकडे २० मिमी आणि वर व खाली ३० मिमी चौकट सोडली की मध्ये १२० बाय १८० मिमी जागा उरते. त्यात ६० मिमीचे सहा चौकोन बसतात. प्रत्येक चौकोनात कंपासने ३० मिमी त्रिज्येचे वर्तुळ काढा, त्याचे आठ सारखे भाग करा आणि एकाआड एक बिंदू जोडून दोन चौरस काढा. एक सरळ, दुसरा ४५ अंशांनी फिरवलेला. आठ टोकांचा तारा तयार होतो आणि त्याची चार टोके शेजारच्या ताऱ्याला किंवा चौकटीला टेकतात. मग प्रत्येक रेघेला ४ मिमी रुंदी द्या. दहावीपर्यंतची भूमिती आणि कंपासपेटी एवढ्यावर हे होते. शाळा सुटली तरी ते हातातून जात नाही.

फाईल करण्याआधी एक परीक्षा घ्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर नक्षी उतरवा, ब्लेडने कापा आणि चौकट दोन बोटांत धरून हलवा. जे कागदातून पडेल, ते लाकडातूनही पडेल. नक्षी टिकली की इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती काढता येते. घरात संगणक नसेल तर मोजमापांसह स्वच्छ कागद घेऊन जा. फाईल करून देण्याचे पैसे वेगळे पडतील, ते आधी ठरवा.

चार बाजू जोडायला कडेला दात ठेवतात. २४० मिमी उंचीत १६ मिमीचे १५ भाग पडतात. दोन बाजूंच्या कडांची सुरुवात आणि शेवट दाताने, उरलेल्या दोन बाजूंचा खाचेने, म्हणजे कोपऱ्यात दात खाचेत बसतो. दाताची लांबी प्लायच्या जाडीइतकी. येथे दोन गोष्टी सांभाळा. ३ मिमी म्हणून मिळणारे प्लाय नेमके ३ मिमी नसते, ते मोजून घ्या. आणि लेझर कापताना साधारण ०.१ ते ०.२ मिमी लाकूड जाळतो. त्यामुळे दात थोडा बारीक आणि खाच थोडी रुंद होते. आधी टाकाऊ तुकड्यावर एक कोपरा कापून बसतो का ते पाहा. एमडीएफ स्वस्त असते, पण ओलसर हवेत फुगते. अंगणात किंवा दारात टांगायचा कंदील प्लायचाच बरा.

नावाच्या पाट्या आणि ट्रॉफी करणाऱ्या दुकानांत यंत्राची चौकशी करा. आतली नक्षी आधी आणि बाहेरची कड शेवटी कापायला सांगा, नाहीतर तुकडा सुटून हलतो. लाकडावर कागदी टेप लावली तर धुराचे डाग कमी पडतात. मजुरी बहुधा यंत्र किती मिनिटे चालते यावर असते. म्हणजे नक्षी जितकी बारीक, तितकी महाग. हा हिशेब नक्षी काढतानाच डोक्यात हवा.

आत मेणबत्ती कधीही ठेवू नका, हे लाकूड आहे. लहान एलईडी पुरे. तो उघडा आणि छोटा असेल तर भिंतीवर सावली रेखीव पडते. मधोमध लावलेला दिवा बाजूपासून ८ सेंमीवर असतो. भिंत दिव्यापासून ८० सेंमीवर असली तर सावली दहापट होते आणि ४ मिमीची पट्टी ४ सेंमीची दिसते. आतून बटर पेपर लावला तर सावली जाते, पण कंदील स्वतः मंद उजळतो. दोन्ही एकदम मिळत नाही, एक निवडा.

शेवटचे आणि पैशाचे. मुलीचे कंदील पसंत पडले तर शेजारी मागतील, ईदला आणि दिवाळीलाही. तेव्हा दुकानात राहिलेली फाईल हीच खरी ठेव असते. ती परवानगीशिवाय दुसऱ्यासाठी कापायची नाही, हे बिलावर लिहून घ्या. आणि तळाच्या फळीवर तिच्या नावाचे पहिले अक्षर कापून घ्या. मेंदी आठवड्यात उतरते, हे अक्षर राहील.