माळ विकत घ्यायचा, तर कशासाठी?

पावसाळा तोंडावर आला की इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत एक बेत हमखास निघतो. आठ-दहा घरांनी मिळून गावाकडे एखादा मोकळा माळ घ्यायचा, त्यावर झाडे लावायची, पाणवठा करायचा आणि पशुपक्ष्यांसाठी ती जागा राखायची. मुलाबाळांसाठी काहीतरी मागे ठेवावे ही त्यामागची इच्छा चांगली आहे, आणि आता पैसे जमवू शकणारी घरेही आपल्यात आहेत. म्हणूनच हा बेत नीट तपासून पाहायला हवा. आमच्या मते त्यातला ‘माळ’ आणि त्यातली ‘झाडे’ या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकमेकींच्या विरोधात जातात. माळ वाचवायचा असेल, तर त्यावर झाडे न लावणे हेच पहिले काम ठरते.

झाडे लावणे म्हणजे निसर्ग राखणे, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. जून २०२४ मध्ये ‘एक पेड माँ के नाम’ ही मोहीम देशभर सुरू झाली. त्याच वर्षी १४ जुलैला आपल्या इंदुरात रेवती रेंजच्या टेकडीवर २४ तासांत १२ लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम झाला, आणि आपल्यातल्या अनेकांनी त्यात हात लावला. वाढत्या शहराला सावली हवी, यात वाद नाही. पण शहराजवळच्या टेकडीचा न्याय माळव्यातल्या जुन्या कुरणांना लावला, की नुकसान सुरू होते.

याचे मूळ जुन्या महसुली हिशेबात आहे. ज्या जमिनीवर पीक नाही आणि इमारती लाकूडही नाही, ती इंग्रजांच्या दप्तरात ‘पडीक’ ठरली. स्वातंत्र्यानंतर शब्द बदलले, नजर तीच राहिली. आजही सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ आणि झुडपी माळाचे मोठे पट्टे दाखवलेले असतात. जंगलतोडीच्या बदल्यात करायच्या लागवडीसाठी अशा मोकळ्या जमिनींकडे प्रथम बोट दाखवले जाते. जागा मोकळी दिसते म्हणून ती रिकामी आहे, असे धरले जाते.

प्रत्यक्षात ती रिकामी नसते. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांच्या माळावर काळवीट, खोकड, लांडगा, ससा, चंडोल, माळटिटवी, धाविक राहतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून भोवत्या ससाणे येतात आणि रात्री उंच गवतात जमिनीवरच बसतात. या प्राण्यापक्ष्यांना दूरवर दिसणारी मोकळी जागा लागते. मध्ये झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की शिकारी पक्ष्यांना आणि कावळ्यांना बसायला फांद्या मिळतात, जमिनीवरची घरटी उघडी पडतात, सावलीत गवत विरळ होते आणि माळावरचे पक्षी निघून जातात. त्यांच्या जागी येतात ते बुलबुल, मैना, साळुंक्या, जे आपल्या वसाहतीच्या बागेतही असतात. गवताची मुळे मातीत कर्ब साठवतात, आणि वणवा लागला तरी तो साठा बराचसा जमिनीखाली सुरक्षित राहतो. तेव्हा हवामानाच्या हिशेबातही माळ कमी धरू नये.

याचा सर्वांत जवळचा दाखला आपल्या शेजारीच आहे. रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर येथे १९८३ साली खरमोर अभयारण्ये झाली. खरमोर म्हणजे मराठीतला तणमोर. हा पक्षी पावसाबरोबर जुलैत माळव्यात येतो, नर गवतातून दिवसाकाठी शेकडो उड्या मारून मादीला बोलावतो, आणि पाऊस संपला की निघून जातो. उडी मारायला त्याला गुडघा-मांडीएवढे गवत आणि वर मोकळे आकाश हवे. २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तो अत्यंत संकटग्रस्त यादीत टाकला. साऱ्या देशात त्याची संख्या काही शेकड्यांवर आली आहे. सैलान्याच्या एखाद्या बीडात कोणी चांगल्या मनाने कडुनिंब आणि करंजाची हजार रोपे लावली, तर काही वर्षांनी ती जागा तणमोराच्या कामाची राहणार नाही.

सरदारपूरने आणखी एक गोष्ट शिकवली. तिथे अभयारण्याच्या हद्दीत लोकांच्या खासगी शेतजमिनीही आल्या, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर वर्षानुवर्षे बंधने राहिली. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला जमीन विकायची तर रजिस्ट्री होत नाही, असे झाल्यावर गावकऱ्याला तो पक्षी आपला कसा वाटेल? महाराष्ट्रात सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात हेच घडले. १९७९ साली ८,४०० चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश कागदावर घेतला गेला आणि पुढे लोकांच्या विरोधामुळे हद्द बरीच आवळावी लागली. उलट सैलाना भागात वनखात्याने घरट्याची माहिती देणाऱ्या व ते राखणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे घरट्याची राखण करण्यात शेतकऱ्याचाही लाभ राहिला.

चुकीच्या झाडाचे काय होते, हे वडोदऱ्याच्या आपल्या बांधवांना आम्ही सांगायला नको. कच्छच्या बन्नी माळावर १९६० च्या दशकात खारटपणा रोखण्यासाठी परदेशी वेडी बाभूळ, म्हणजे गुजरातेतला गांडो बावळ, पेरली गेली. तिने मैलोन्‌मैल गवत खाल्ले आणि मालधाऱ्यांची गुरे चराईला मुकली. आता ती उपटून गवत परत आणण्यावर पैसा खर्च होतो. भावनगरजवळच्या वेळावदरची गोष्ट याच्या उलट आहे. भावनगर संस्थानने राखलेली ती वीडी १९७६ साली काळविटांसाठी राष्ट्रीय उद्यान झाली आणि मुख्यतः गवत म्हणूनच सांभाळली गेली. आज तिथले काळवीट आणि हिवाळ्यातले भोवत्यांचे थवे पाहायला लोक लांबून येतात.

आता खरेदीकडे वळू. खासगी पैशातून जमीन घेऊन ती निसर्गाला सोडणे आपल्या देशात अशक्य नाही. कर्नाटकातील कोडगूत मल्होत्रा दांपत्याने १९९१ पासून सोडून दिलेल्या शेतजमिनी व मळे घेत सुमारे ३०० एकरांचे साई अभयारण्य उभे केले. पण ते मुळात पावसाळी जंगलाचे क्षेत्र होते, तिथे जंगल परतणे स्वाभाविक होते. मोठ्या झाडांची जागा त्यांनी झाडांनाच परत दिली. आपणही जागेचा स्वभाव पाहूनच ठरवायला हवे.

कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज घेता येत नाही. कर्नाटकाने ती अट २०२० साली काढली. गोव्याने २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याकडे जाण्यावर बंधन घातले. मध्य प्रदेशात खरेदीदार आधीपासून शेतकरी असण्याची अट नाही, म्हणून इथे बेत झटकन पुढे सरकतो. पण दोन ठिकाणी थांबायलाच हवे.

पहिले, १९५९ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १६५. अधिसूचित आदिवासी भागात आदिवासी भूमिस्वामीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे होऊ शकत नाही, आणि इतर ठिकाणीही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. माळव्यातली उरलेली चांगली कुरणे बरीचशी अशाच भागांच्या आसपास आहेत. कोणा स्थानिकाच्या नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला दलाल हमखास देतील. तो मानला तर व्यवहार बेनामी होईल, आणि निसर्गाच्या नावाने एका गरीब घराची जमीन गेलेली असेल.

दुसरे, चरनोई. गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन विकता येत नाही. खासगी माळ घेतला तरी त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या गुरांची वाट किंवा गवताचा वहिवाटीचा हक्क असू शकतो. पटवाऱ्याकडून खसरा आणि नकाशा काढणे आवश्यकच आहे, पण गावात दोन-चार वेळा जाऊन तिथे कोण चारते, गवत कोण कापते, हे विचारणेही तितकेच आवश्यक आहे. तारेचे कुंपण घालून गुरे बाहेर काढली, तर ती शेजारच्या माळावर दुप्पट चरतील. शिवाय मुळीच चराई नसलेला माळ काही वर्षांत झुडपांनी भरतो.

म्हणून ज्यांनी पैसा काढण्याचे मनावर घेतले आहे, त्यांच्यापुढे आम्ही काही सूचना ठेवतो.

एक, सौदा करण्याआधी ती जागा एक वर्ष पाहा. भर पावसात, दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात असे तिन्ही वेळा जा, आणि गवत व पक्षी ओळखणाऱ्या जाणकाराला सोबत न्या. जुने, न नांगरलेले गवत असेल तर तिथे एकही रोप लावू नका. झाडे लावायची हौस असेल तर नाल्याचा काठ, मुरूम उपसलेली जागा किंवा मुळात जंगलाची पण उघडी पडलेली टेकडी शोधा, आणि तिथलीच झाडे लावा.

दोन, खरेदीच्या रकमेएवढाच विचार पुढच्या वीस वर्षांच्या खर्चाचा करा. राखणदाराचा पगार, जाळरेषा, वेडी बाभूळ व घाणेरी काढणे, कज्जेदलाली हे सगळे त्यात येते. दहा जणांच्या नावावरची जमीन दुसऱ्या पिढीत तीस वारसांची होते आणि मग फार्महाऊसचे प्लॉट पडतात. जमीन नोंदणीकृत न्यासाच्या नावे असावी, आणि ती विकता येणार नाही अशी तरतूद वकिलाकडून आधीच करून घ्यावी.

तीन, खरेदीच हवी का, हेही विचारा. ज्या शेतकऱ्याकडे माळ आहे, त्याने तो नांगरू नये आणि गवत दिवाळीनंतर, पिल्ले उडून गेल्यावर कापावे, यासाठी त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम देता येते. मालकी त्याची राहते, गवताचे उत्पन्न त्याचे राहते, चराई ठरवून दिलेल्या महिन्यांत चालू राहते. जमिनीच्या आजच्या भावात जेवढ्याला एक तुकडा येईल, तेवढ्यात बऱ्याच मोठ्या माळाला असा आधार देता येईल. यात आपल्या नावाची पाटी लागत नाही, हे खरे.

माळव्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. इथल्या काळ्या मातीने आणि पावसाने आपल्याला सांभाळले. त्याची परतफेड करायची, तर या भूमीत मुळात जे आहे ते आधी ओळखावे लागेल. पुढच्या पावसाळ्यात रोपांची मागणी नोंदवण्याआधी सभासदांनी एकदा एखादे बीड पाहून यावे आणि मग ठरवावे, एवढीच आमची विनंती आहे.