तुळई वाकली कशी?

भालकीकडील एका खेड्यातला आमच्या चुलत्यांचा वाडा गेल्या उन्हाळ्यात उतरविण्यात आला. चिरे विकले गेले, लाकूड भावंडांत वाटले गेले. ओसरीवरची कोरीव तुळई मात्र आतून वाळवीने इतकी पोखरलेली निघाली की, खाली घेतानाच तिचे तुकडे झाले. नव्या घराच्या ओसरीवर तशीच तुळई चढवावी, ही काकूंची एकच इच्छा. वाडा पडण्यापूर्वी आमच्या पुतण्याने छायाचित्रे काढून ठेविली होती. त्यांवरून काम करण्यास हुमनाबादचे एक जुने सुतार तयार झाले.

पंधरा दिवसांनी सुतारांचा निरोप आला. "मालक, फोटोत तुळई मधी दबलेली हाय. तशीच काढू का सरळ?"

घरात दोन पक्ष पडले. तुळई कधीच दबलेली नव्हती, असे काकूंचे म्हणणे. अतिवृष्टीच्या वर्षी ती खचली होती, असे वडील बंधूंना पक्के आठवत होते. सागवान आजच्या भावाने घेतलेले. एकदा करवत चालली की संपले. आणि साक्ष द्यावयास वाडा उरलेला नाही.

निकाल लागला तो तुळईवरून नव्हे, शहाबादी फरशीवरून. त्याच चित्राच्या तळाशी ओसरीच्या कडेची फरशीची रांग दिसत होती. ती मधोमध वर उचललेली! वरची तुळई खाली झुकलेली आणि खालची फरशी वर फुगलेली, दोन्ही रेघा चित्राच्या मध्याकडे ओढल्यासारख्या. लाकूड भाराने दबते, हे खरे. पण त्याच वेळी दगडी फरशी आपण होऊन वर येत नाही. दोष भिंगाचा असणार, हे उघड होते.

परंतु पुतण्या म्हणाला, "काका, भिंगाचा दोष काढूनच मी ते चित्र पाठविले होते." येथेच खरी गोम होती.

रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगातून सरळ रेघा बहुधा पिंपाच्या बाजूंसारख्या बाहेर फुगतात. कोणते भिंग किती फुगविते, याची मोजमापे करून ठेवलेली असतात. लेन्सफन नावाचा असा एक मुक्त संग्रह आहे; त्यासाठी हौशी मंडळी सरळ रेषांच्या इमारतींची छायाचित्रे काढून पाठवितात. संगणकावरील आज्ञावली भिंग ओळखते आणि तेवढाच फुगवटा उलट दिशेने दाबून टाकते. भिंग मात्र बरोबर ओळखले गेले पाहिजे.

ते ओळखते कसे? डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात एक टिपण लिहून ठेवतो. तारीख, वेळ, छिद्राचा आकार, भिंगाचे केंद्रांतर इत्यादी. या टिपणाची 'एक्झिफ' नावाची पद्धत जपानमध्ये १९९५ साली ठरली. तीत भिंगाचे नाव लिहिण्याचा स्वतंत्र रकाना आला तो थेट २०१० साली. तोवर बहुतेक कंपन्या आपल्या खाजगी रकान्यात भिंगाचा केवळ सांकेतिक क्रमांक लिहीत असत. निकॉनची आठ बाइटांची खूण पुष्कळशी नेमकी. कॅननचा मात्र एकच क्रमांक. त्यातून, कॅननच्या कॅमेऱ्यास बसणारी भिंगे करणाऱ्या इतर कंपन्यांनी कॅननचेच क्रमांक आपल्या भिंगांस वापरले. क्रमांक १० घ्या. तो कॅननच्या ५० मिलिमीटर मॅक्रो भिंगाचा; पण सिग्मा कंपनीची २८, ५०, ७० आणि १०५ मिलिमीटरची भिंगेही तोच क्रमांक सांगतात. एकाच आडनावाची पाच घरे असलेल्या गल्लीत टपालवाल्याचे जे होते, तेच येथे आज्ञावलीचे होते.

मग ती इतर खुणा पाहते. केंद्रांतर २८ असेल तर कॅनन आपोआप बाद. ५० असेल तर छिद्र जास्तीत जास्त किती उघडते ते पाहावयाचे : २.५ असल्यास कॅनन, २.८ असल्यास सिग्मा. कॅनडातील फिल हार्वे यांनी २००३ पासून जोपासलेले एक्झिफटूल हे मोफत साधन अशीच छाननी करते. आणि तरीही दोन नावे उरली तर 'हे किंवा ते' असे सरळ लिहून मोकळे होते. आम्हांस हा प्रामाणिकपणा फार आवडला. पुतण्याच्या आज्ञावलीला तो नव्हता. त्याचे झूम भिंग मित्राकडून मागून आणलेले, दुसऱ्याच कंपनीचे. क्रमांक आणि केंद्रांतराचा पल्ला दोन भिंगांना लागू पडणारा. आज्ञावलीने यादीतले पहिले नाव उचलले. ते भिंग अधिक फुगविणारे असल्याने तिने अधिक दाबले, आणि सरळ तुळई मधोमध बसली.

मूळ चित्र मिळते तर उलगडा सोपा होता. सुतारांकडे होते ते व्हॉट्सॲपवरून गेलेले, आणि त्या वाटेने छायाचित्र गेले की पोटातले टिपण गळून पडते. (दस्तऐवज म्हणून पाठविल्यास टिकते, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. मात्र मोबाईलच्या चित्रात घराचे ठिकाणही नोंदलेले असू शकते. परक्यास पाठविताना तेही आठवावे.) सुदैवाने पुतण्याने कॅमेऱ्यातील कार्ड पुसलेले नव्हते. खरे भिंग हाताने निवडून दिले. फरशी सपाट झाली आणि तिच्याबरोबर तुळईही.

कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ सालच्या जामा मशिदीत आम्ही अनेकदा गेलो आहोत. बसक्या, रुंद कमानींच्या त्या ओळींपुढे आता वेगळीच शंका येते. तेथे तर रेघा वाकड्याच बांधलेल्या. गवंड्याचा बाक कोणता आणि भिंगाचा कोणता, हे चित्रावरून कोण सांगणार? तेथेही पायाच्या फरशीकडेच पाहावे लागेल. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाल (१८४४–१९०५) यांच्या काचेच्या निगेटिव्हच्या पोटात तर असे कोणतेच टिपण नसे.

सुतारांना नवे चित्र दाखविले. त्यांनी आधी त्यातील फरशीला फूटपट्टी लावून पाहिली, मग तुळईला. वडील बंधू अजून म्हणतात की, अतिवृष्टीच्या वर्षी काहीतरी खचले होतेच. काकूंनी पाडव्याला तुळई चढविण्याचे ठरविले आहे.