पिक्चर ट्यूब फोडू नका

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, पतसंस्थेच्या जिन्याखाली जुना, मागं पोट असलेला टीव्ही किंवा कॉम्प्युटरचा तसलाच मॉनिटर पडून असेल, तर घाईनं बाहेर काढून टाकू नका. आणि काहीही झालं तरी त्याची काच फोडू नका.

हे टीव्ही आपण हौसेनं घेतलेले आहेत. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढं सिंहगडावरून प्रक्षेपण आलं आणि आपल्याकडच्या छपरांवर उंच पाइपाला अँटेना बांधून तिचं तोंड सिंहगडाकडं करायची धडपड सुरू झाली. आधी शटरचे लाकडी टीव्ही, मग १९८२ नंतर रंगीत. ऊस, द्राक्षं, टोमॅटो यांचे पैसे हातात आले की टीव्ही घरात येई. नंतर गावोगावी एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि शाळा, पतसंस्था, दूधसंस्था यांच्या टेबलांवर तसलेच जाड मॉनिटर आले. आता ते सगळं एकदमच निकामी झालं आहे. भिंतीवर चपटा टीव्ही लागला की जुना कुठं ठेवायचा, हा प्रश्न घरोघर आहे.

बहुतेक जण तो भंगारवाल्याला देतात. पुढं काय होतं ते नीट समजून घ्या. २१ इंची टीव्हीचं वजन वीस किलोच्या वर भरतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन नुसत्या काचेचं असतं. विकत घ्यायला गिऱ्हाईक आहे ते बाकीच्या मालाला: ट्यूबच्या मानेभोवतीची तांब्याची कॉईल, पडद्याभोवती फिरवलेली तार, सर्किटचा पत्रा, थोडं लोखंड, प्लॅस्टिकची बॉडी. काच कोणी घेत नाही. म्हणून कॉईल ओढून काढताना मान मोडते, तारेवरचं प्लॅस्टिक जाळून तांबं मोकळं केलं जातं आणि ट्यूब ओढ्याच्या कडेला, बंद पडलेल्या दगडखाणीत किंवा रस्त्यालगतच्या कचऱ्यात जाते. ज्याचं पोट या धंद्यावर आहे, त्याला दोष देऊन काही साधणार नाही. काचेचे पैसे त्याला कोणी देत नाही, उलट ती वाहून न्यायला डिझेल मात्र त्याचंच जळतं.

या काचेत शिसं आहे. रंगीत टीव्हीच्या ट्यूबमध्ये पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि त्यामुळं आत क्ष-किरण तयार होतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून कारखान्यांनी मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत मुद्दाम शिसं मिसळलं. त्या भागात साधारण पाचवा हिस्सा शिशाचं ऑक्साइड असतं, मानेत त्याहून जास्त. पुढच्या पडद्याच्या काचेत शिशाऐवजी मुख्यतः बेरियम आणि स्ट्रॉन्शियम वापरलेलं असतं. मोठ्या टीव्हीत एकूण शिसं किलोच्या वर भरतं.

घाबरून जायचं कारण नाही. अख्खी ट्यूब माळ्यावर वर्षानुवर्षं राहिली तरी घरातल्या माणसांना तिचा त्रास होत नाही, कारण शिसं काचेत पक्कं अडकलेलं असतं. काच फुटली, तुकडे बारीक झाले, कुजणाऱ्या कचऱ्यात मिसळले आणि त्यावर आपला श्रावण-भाद्रपदाचा पाऊस पडला की ते हळूहळू सुटायला लागतं. पडद्याच्या आतल्या बाजूला रंग उमटवणारी पावडर असते, तीही मोकळी होते. जुन्या ट्यूबांच्या पावडरीत कॅडमियम सापडतं. आपल्याकडचे ओढे घोड, मीना, पुष्पावती, कुकडी या नद्यांना मिळतात, आणि त्याच पाण्यावर आपल्या विहिरी आणि बागा आहेत. शिसं कुजत नाही, विरत नाही, जिथं पडेल तिथं राहतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि अमुक एवढं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगता आलेली नाही. ओढ्यातल्या चकचकीत काचा उचलून खेळणारी पोरं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांच्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

मग ही काच पुन्हा वापरत का नाहीत? एके काळी वापरत होते. जुन्या ट्यूबची काच वितळवून नव्या ट्यूबची काच करता येई आणि तिला भावही मिळे. औरंगाबादेत वाढलेल्या व्हिडिओकॉनचा भरूचजवळ या काचेचा मोठा कारखाना होता. जगभरातल्या ट्यूबच्या भट्ट्या एकेक करून विझत गेल्या तेव्हा अमेरिकेतली जुनी काचसुद्धा जहाजानं तिथं येत असे. गेल्या दशकाच्या मध्यावर तेही थांबलं. नवी ट्यूब कोणी करेना, म्हणून जुन्या काचेला गिऱ्हाईक उरलं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोलंबस शहरात तर एक कंपनी हजारो टन काच गोदामात तशीच सोडून गेली. श्रीमंत देशाला जे जड गेलं ते आपल्या तालुक्याला सोपं जाईल, असं कोणी समजू नये. शिसं गाळणाऱ्या भट्टीत थोडी काच खपते. बाकीची धोकादायक कचरा म्हणून खास बांधलेल्या खड्ड्यात बंद करावी लागते. तसं सामायिक केंद्र आपल्या शेजारीच, रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. पण तिथं तुम्ही-आम्ही टीव्ही घेऊन जाऊन चालत नाही, परवानाधारकामार्फतच जावं लागतं आणि त्याचे पैसे पडतात.

कायदा आहे. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. टीव्ही-कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांनी ठरलेल्या प्रमाणात जुना माल पुन्हा वापरात आणल्याची प्रमाणपत्रं घ्यायची, अशी त्यातली व्यवस्था आहे. पण ही प्रमाणपत्रं मिळतात सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यावर. शिशाच्या काचेवर मिळत नाहीत. म्हणजे भंगारवाल्याला जे परवडत नाही, ते परवानाधारक कारखान्यालाही परवडत नाही. शिवाय घाऊक वापरकर्ता म्हणून त्या नियमांत जबाबदारी टाकली आहे ती वर्षात किमान एक हजार उपकरणं वापरणाऱ्यावर. आपली हायस्कुलं, ग्रामपंचायती, पतसंस्था त्यात बसत नाहीत. माझ्या मते ही मोठी त्रुटी आहे. ट्यूबची काच नीट पुरल्याबद्दल कंपन्यांकडून पैसे वसूल करून ते कारखान्याला दिले पाहिजेत. आपल्या आमदार-खासदारांकडं हे मागणं नेलं पाहिजे.

मात्र नियम बदलेपर्यंत ओढे थांबणार नाहीत. म्हणून आपल्या हातात आहे ते सांगतो.

चालू असलेला टीव्ही टाकू नका. सेट-टॉप बॉक्स किंवा फ्री डिश जोडली की तो आजही चालतो. डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या वाडीवर, तळेघर-आहुप्याकडं, कोणाला हवा असेल तर जरूर द्या. थोडा बिघाड असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा. जुनी माहिती असलेले मेकॅनिक आता थोडेच उरलेत, त्यांना काम मिळालं तर बरंच आहे.

बंद पडलेला असेल तर मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जबर झटका देण्याइतका विजेचा भार राहू शकतो. शिवाय आत हवा नसल्यानं फटका बसला तर काच उडते. उचलताना पडदा छातीकडं धरा, कारण वजन पुढच्या बाजूला असतं. कोरड्या जागी ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही असा.

एकट्या घरानं एक टीव्ही घेऊन मंचर किंवा जुन्नरहून पुण्याला जाणं कोणालाच परवडणारं नाही. पण गावातले पन्नास-शंभर नग एका खोलीत जमले तर एक टेम्पो भरतो आणि परवानाधारक माणूसही यायला तयार होतो. त्यासाठी येत्या ग्रामसभेत विषय घ्या. जुन्नर नगरपरिषद आणि मंचर नगरपंचायत यांनी वर्षातून एक-दोन दिवस ठरवून द्यावेत. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते, पूर्णम इकोव्हिजनची ‘ई-यंत्रण’ मोहीमही चालते. त्यांच्याकडून पद्धत समजून घ्यायला काहीच हरकत नाही.

यात भंगारवाल्याला बाहेर ठेवू नका, उलट त्यालाच सोबत घ्या. वाड्या-वस्त्या त्याच्याइतक्या कोणाला माहीत नसतात. अख्खा, न उघडलेला टीव्ही खोलीवर आणून दिला तर नगामागं ठरलेली रक्कम त्याला द्यावी, आणि ती तांब्यातून सुटणाऱ्या पैशांपेक्षा थोडी जास्त असावी. एवढं केलं तरी ट्यूब फुटायची थांबेल, असं मला मनापासून वाटतं. हा खर्च गावानं करायचा आहे. टीव्ही देऊन वर आपणच पैसे द्यायचे, हे पटायला जड जातं, मान्य आहे. पण विहिरीच्या पाण्यात शिसं उतरल्यावर ते बाहेर काढण्याची किंमत कोणत्याच गावाला झेपणारी नाही.

मुख्याध्यापक आणि संस्थांच्या सचिवांना वेगळं सांगायचं आहे. जुन्या मॉनिटरांचं निर्लेखन अडकून पडतं आणि मग एक दिवस लिलावात सगळा ढीग जास्त बोली करणाऱ्याकडं जातो. लिलावाच्या अटींतच लिहा की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं नोंदणी असलेल्यालाच माल मिळेल. नोंदणी मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येते. माल देताना वजनाची पावती घ्या आणि काच शेवटी कुठं जाणार हे लेखी मागा. बाकीच्याची हमी देऊन काचेबद्दल कोणी गप्प बसत असेल, तर त्याला माल देऊ नका. दुकानात जुना टीव्ही बदलून नवा घेतानाही हेच विचारा.

पहिल्या पिढीतले चपटे टीव्ही आणि मॉनिटरही आता बाद होत आहेत. त्यांत शिशाची काच नाही, पण पडद्यामागं पारा असलेल्या बारीक नळ्या असतात. तेही न उघडता त्याच खोलीत आणावेत.

आणि ट्यूब आधीच फुटली असेल तर? मुलांना आणि जनावरांना दूर करा. कोरडा झाडू मारू नका, धूळ उडते. तोंडाला फडकं बांधा, जाड हातमोजे घाला, तुकडे पत्र्याच्या डब्यात भरा, उरलेलं ओल्या फडक्यानं टिपून ते फडकंही त्यातच टाका. डब्याला झाकण लावा, वर ‘टीव्हीची काच’ असं ठळक लिहा आणि टेम्पो येईपर्यंत तो कुलपात ठेवा.