न जेवणारा पाहुणा

दिवाळीत घरी पाहुणा यावा, आपण चकली-अनारशांचे ताट पुढे करावे, आणि त्याने कशालाच हात लावू नये! गृहिणीच्या जिवाला केवढा घोर लागतो! सोलापुरात आमच्या शेजारच्या चिरंजीवांची गेल्या दिवाळीत अशीच गत झाली.

सोलापूर कुठे, समुद्र कुठे! पण लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम विकतचे समुद्री मीठ मिसळून चिरंजीवांनी काचेच्या पेटीत दर्या मांडला होता. दुकानातून आणलेल्या दगडाबरोबर बोटाच्या पेराएवढी, पिवळसर, बिनशंखाची समुद्री गोगलगाय आली. तिला माशांचे खाणे घातले, काकडी घातली, उकडलेला वाटाणाही घातला. बाईसाहेब ढुंकून पाहीनात. दिवसेंदिवस आक्रसत मात्र चालल्या.

वाचकहो, परसातली गोगलगाय पालेभाजी फस्त करते, म्हणून समुद्रातलीही करील असे नाही. आधी ओळख, मग जेवण.

कागदासारखा पातळ, कडा लहरवत सरकणारा प्राणी बहुधा चपटा कृमी असतो. गोगलगाईच्या डोक्यावर सहसा दोन शिंगे दिसतात. त्यांनी ती वास घेते. मग पाठ पाहावी. मागच्या टोकाला कल्ल्यांचे फूल उमललेले असेल, तर ती बहुतेक स्पंज खाणारी. तोही ठराविक जातीचाच. पाठभर बोटांसारखे झुबके असतील, तर समुद्रफुले आणि त्यांचे भाऊबंद हे तिचे अन्न. भक्ष्याच्या दंशपेशी ती पचवीत नाही. स्वतःच्या झुबक्यांत शस्त्र म्हणून साठवते! पानासारखी हिरवी असेल, तर ती शेवाळाचा रस शोषते. सशाच्या कानांसारखी शिंगे असलेला 'समुद्री ससा' मात्र सोयीचा पाहुणा. वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडाही त्याला चालतो. डिवचू मात्र नये, जांभळी शाई सोडतो.

आणि एक. पेटीत तांब्याच्या हंड्यातले पाणी किंवा तांबे असलेले माशांचे औषध घालू नये. या जिवांना तांबे विषासमान.

चिरंजीवांच्या गोगलगाईच्या पाठीवर कल्ल्यांचे फूल होते. दगडावर स्पंजाचा एक ठिपका होता, तोच ती कुरतडत होती. तो संपला. दुसरा स्पंज तिने हुंगलाही नाही. एके सकाळी ती हलेना.

"मेली रे," वडील म्हणाले.

"मेली नाही, बाबा. आपण उपाशी ठेवली."

मुंबईच्या किनाऱ्यांवर ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत अशा गोगलगाई दिसतात. २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने त्या कित्येक मुंबईकरांना दाखवल्या. चिरंजीव मामाकडे गेले, तेव्हा तासभर ओणवे होऊन पाहत बसले. ती कशावर बसली आहे, हे आधी लिहायचे. जिथे ती बसते, बहुधा तेच तिचे ताट.

परतताना हात रिकामे होते, वही भरलेली होती. मला म्हणाले, "काका, पाहुण्याला आणण्याआधी तो काय जेवतो, ते विचारायला हवं होतं."

फराळाचे ताट त्यांच्यापुढे सरकवताना मी आधी विचारून घेतले.