कडोदऱ्याची पाळी आणि मेंदूतील मेद

सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा चौरस्त्याच्या आसमंतात जे यंत्रमाग व रंगाईचे कारखाने अहोरात्र चालतात, तेथून १२ तासांची पाळी उरकून आलेल्या खानदेशी कामगाराने झोप येत नाही, उगाच धास्ती वाटते, अशी तक्रार केली, की त्यास मन घट्ट करण्याचा जो फुकटचा उपदेश मिळतो, तो मला सर्वथा अन्याय्य वाटतो.

कारण धास्तीवरील अंकुश केवळ इच्छाशक्तीच्या हाती नसतो. मेंदूतील पेशी आपल्याच आवरणातील मेदापासून ऐन गरजेच्या क्षणी काही संदेशद्रव्ये निर्माण करतात. त्यांपैकी आनंदामाइड १९९२ साली जेरुसलेम येथे राफाएल मेकुलम यांच्या प्रयोगशाळेत प्रथम ओळखले गेले. उंदरावर ताण लादला असता अमिग्डला या भयकेंद्रात त्याचे विघटन करणारे विकर अधिक सक्रिय होते, भीतीवरील अंकुश सुटतो, आणि तो जीव उंच मंचाच्या उघड्या भुजेवर पाऊल टाकण्यास धजत नाही. २०१७ साली अमेरिकेत सचिन पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की २-एजी नामक अशाच दुसऱ्या द्रव्याची वृद्धी उंदरांस आघात सोसण्याचे बळ देते.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे कबूल. शिवाय आनंदामाइडचे विघटन करणारे तेच विकर रोखण्यासाठी बनविलेल्या एका औषधाच्या चाचणीत २०१६ साली फ्रान्समधील रेन येथे एक निरोगी स्वयंसेवक दगावला. तेव्हा गोळीची प्रतीक्षा करण्यापेक्षा ताणाचे मूळ असलेली लांब पाळीच आवरावी; १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसास ९ तासांची जी मर्यादा घातली होती, तिच्या हिशेबाने सरकारी तपासनिसांनी हजेरीपट रात्रपाळीतच, मागांच्या खडखडाटात उभे राहून, तपासावेत.